ऐंशी किलोमीटर, अकरा लिटर

गुरुवार

शनिवारी वेरूळला ऐंशी किलोमीटर पळण्याची डोंगरी शर्यत, म्हणून सकाळी परभणीहून तपोवन एक्सप्रेस पकडली. सोबत भाचा. त्याला सेमिस्टरची सुट्टी होती आणि "मावशी, तुला एकटीला सोडणार नाही" असं त्यानं महिनाभर आधीच जाहीर केलेलं. बॅगेत बुटांचे दोन जोड, डोक्याला लावायची बॅटरी, आठ धपाटे, मिठाची पुडी आणि आईनं दिलेलं आंबिलीचं पीठ.

मंगळवारी येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, झाली होती. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. येळवशीला शेतात कडब्याच्या कोपीपुढं पूजा होते, भज्जी-भाकरी होते आणि मडक्यातली आंबील पोट भरेस्तोवर पितात. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून, लसूण-मीठ घालून शिजवलेली ही आंबील मी गेलं वर्षभर सरावाला नेते. लांब पळताना चौथ्या-पाचव्या तासाला गोड जेल तोंडात धरवत नाही. आंबील मात्र उतरते. तिच्यात पाणी आहे, मीठ आहे, ज्वारी आहे, आणि जन्मापासूनची ओळख आहे.

छत्रपती संभाजीनगरला दुपारी उतरलो आणि वेरूळची बस धरली. दौलताबादच्या किल्ल्यापुढून बस जाते. रस्त्याच्या कडेला पेरूच्या टोपल्या मांडलेल्या. भाच्यानं दोन किलो घेतले, मी एकच फोड खाल्ली. शर्यतीच्या दोन दिवस आधी पोटाला नवीन काही द्यायचं नाही, हा नियम मी मोडत नाही.

शुक्रवार

सकाळी बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घेतला, साहित्याची तपासणी झाली. शिट्टी, फॉइलचं पांघरूण, बॅटरीचे जादा सेल, स्वतःचा पेला (वाटेवर कागदी कप मिळणार नाहीत) आणि किमान दीड लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या. तपासणाऱ्या मुलीनं माझी शिट्टी खरोखर वाजवून पाहिली. मला ते फार आवडलं.

मग वाटेची माहिती. ऐंशी किलोमीटर, साधारण दोन हजार मीटर चढ, अठरा तासांची मुदत. पहाटे पाचला सुरुवात म्हणजे रात्री अकराच्या आत परत. वेरूळ, खुलताबादचं पठार, शूलिभंजन, म्हैसमाळ, तिथून खाली गिरिजेच्या खोऱ्यात, गावांच्या पांदणींनी आणि ओढ्यांनी मोठा वळसा, आणि पुन्हा डोंगर चढून वेरूळ. पाण्याची ठिकाणं नऊ. दोन ठिकाणांमधलं सर्वात लांब अंतर अकरा किलोमीटर, बासष्टाव्यापासून त्र्याहत्तराव्यापर्यंत, तेही अंधारात. मी वहीत त्या ओळीखाली रेघ मारली.

दुपारी भाच्यानं विचारलं, हे असलं पळणं सुरू कुणी केलं? मॅरेथॉनच्या, म्हणजे बेचाळीस किलोमीटर १९५ मीटरच्या, पुढचं काहीही अल्ट्रा, एवढंच त्याला ठाऊक. मी त्याला गॉर्डी एन्सलीची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात डोंगरातून शंभर मैलांची घोड्यांची शर्यत होत असे, चोवीस तासांच्या आत पुरी करायची. आदल्या वर्षी त्याचा घोडा लंगडला होता. १९७४ मध्ये हा माणूस घोड्याशिवायच उभा राहिला आणि तेवीस तास बेचाळीस मिनिटांत पायी पोचला. वेस्टर्न स्टेट्स ही आजची प्रसिद्ध शर्यत त्यातून उभी राहिली.

भाचा म्हणाला, "पण मावशी, आपल्याकडं तर लोक कधीपासून चालतात." खरं आहे. खुलताबादच्या भद्रा मारुतीला श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगरहून रात्रभर चालत माणसं येतात, कित्येक अनवाणी. पैठणहून नाथांची पालखी पंढरीला जाते. माझी आजी पंढरपूरला पायी जायची तेव्हा तिच्या पिशवीत काय असायचं? एक लुगडं, चटणी-भाकरी आणि पितळी तांब्या. तिची तपासणी कुणी केली नाही, पण तांब्या तिनं कधी विसरला नाही.

संध्याकाळी घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं. लेणी पाहायचा मोह आवरला, पाय राखायचे होते. वरण-भात खाऊन आठ वाजता आडवी झाले. झोप फार लागली नाही.

शनिवार

साडेतीनला उठले. पायांच्या बोटांना, काखेत, मांड्यांच्या आत व्हॅसलीन चोळलं. अर्धा पेला आंबील, एक धपाटं. बाहेर चांगलाच गारठा. शे-सव्वाशे माणसं, प्रत्येकाच्या कपाळावर उजेड. बायका चौदा मोजल्या.

पाचला निघालो. पहिले पाच किलोमीटर चढाचेच. तरणी पोरं धावत चढली. मी हात गुडघ्यावर टेकून चालत चढले आणि माझ्या शेजारी वसमतचे एक काका त्याच चालीनं. वय अठ्ठावन्न. "चढाला पळायचं नाही, बाई. चढाला श्वास मोजायचा," ते म्हणाले. पुढं तीन तास आम्ही सोबत होतो.

खुलताबाद अजून झोपेत होतं. या गावाच्या परिसरात मलिक अंबरची कबर आहे. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर, आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून नहरींनी शहरात नेलं. पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या हिशेबावर. १६२६ मध्ये तो गेला. त्याच्या नहरींतून पाणी पुढं शेकडो वर्षं वाहत राहिलं. काळोखात पळताना मला तो आठवत होता, कारण माझ्या पाठीवर दीड लिटर होतं आणि दिवसभराचा माझा सगळा विचार त्याभोवतीच फिरणार होता.

शूलिभंजनला पोचलो तेव्हा पूर्व उजळत होती. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथ महाराजांनी या टेकडीवर तप केलं, असं सांगतात. वाऱ्यात उभं राहवत नव्हतं. काकांनी टोपी काढून नमस्कार केला, मीही केला, आणि उतरलो. सूर्य सातच्या सुमारास वर आला. खाली सगळीकडं धुकट निळं, मधूनच एखाद्या वस्तीचा धूर.

म्हैसमाळचं पठार चोवीसाव्या किलोमीटरला. सुमारे एक हजार सदुसष्ट मीटर उंची, दूरदर्शनचा मनोरा लांबूनच दिसतो. पावसाळ्यात इथं हिरवा गालिचा असतो, आता कमरेएवढं वाळलं गवत आणि त्यात कुसळ. ज्यांनी बुटांवर गेटर (कापडी आवरण) चढवले नव्हते त्यांचे मोजे दहा मिनिटांत कुसळांनी भरले. कुसळ मोज्यात शिरलं की काढता येत नाही, टोक आत आत सरकतं. आधी त्यातून गुरं चारलेल्या माणसालाच हे ठाऊक असतं. जालन्याचा एक तरुण बसून मोजा उलटा करत होता, डोळ्यांत पाणी. माझा जादा जोड त्याला दिला. पंचेचाळिसाव्याला माझ्या पिशवीत आणखी एक होता.

म्हैसमाळला गिरिजादेवीचं देऊळ आहे, आणि या डोंगरातच गिरिजा नदी उगम पावते. ही नदी पूर्वेला जाऊन पूर्णेला मिळते. पूर्णा येलदरीवरून आमच्या परभणी जिल्ह्यात येते आणि पुढं गोदावरीला भेटते. म्हणजे या माळावर पडलेला पाऊस माझ्या जिल्ह्यात पोचतो. नकाशावर हे कितीदा मुलांना शिकवलं असेल. शाळेत फळ्यावर निळ्या खडूनं रेघ ओढते. आज त्या रेघेच्या पहिल्या टोकावर उभी होते आणि तिथं फक्त ओलसर दगड होते, त्यावर एक धोबी पक्षी शेपटी हलवत.

तिथून उतार. उतार सोपा वाटतो, पण पाय खरे तिथंच मोडतात. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार रोखून धरतो, आणि त्यात त्याचे तंतू फाटतात. दुसऱ्या दिवशीची ठणक या रोखण्याची. म्हणून मी लहान पावलं टाकली, घसरड्या मुरमावर तर फारच लहान. काळ्या बेसाल्टच्या पायऱ्या-पायऱ्यांचा डोंगर, मध्ये साग, पळस, सालई. खाली उतरलो तशी शेतं लागली. तूर काढणीला आलेली, कापसाची शेवटची वेचणी, गहू हिरवागार, आणि जागोजागी अद्रकाचे वाफे.

बाराला ऊन असं पडलं की सकाळचा गारठा खोटा वाटावा. पंचेचाळीसाव्या किलोमीटरला एक वाजता पोचले. भाचा पिशवी घेऊन उभा. मोजे बदलले, टाचेचा फोड सुईनं फोडून पट्टी लावली, धपाटं दह्यात बुडवून खाल्लं. तिथंच वसमतचे काका खुर्चीत बसलेले दिसले. गुडघा सुजला होता. त्यांनी स्वतःच बिब काढून स्वयंसेवकाच्या हातात दिला. "तू जा," म्हणाले, "माझ्या वाटचं पण जा." त्यांच्या पाया पडले आणि निघाले. दोन किलोमीटर रडत पळाले.

पाण्याचं सांगते, कारण नव्यानं अल्ट्राला उतरणारे इथंच चुकतात. घामातून पाण्याबरोबर मीठ जातं. घाबरून घटाघटा नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, हातपाय फुगतात, माणूस बरळायला लागतो. जिवावर बेतू शकतं. आणि ते दिसायला पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. माझा सरावातून ठरलेला हिशेब असा: तहान लागेल तसं, तासाला साधारण सहाशे मिली, त्यासोबत ओआरएस किंवा आंबील. प्रत्येकाचं शरीर वेगळं. आपला आकडा आपण सरावातच शोधायचा.

पन्नास ते अठ्ठावन्न हा टप्पा मला नीटसा आठवत नाही. एक कोरडा ओढा, दगडांवर दगड. एकदा उलटी झाली. एका वाडीत पोरांनी टाळ्या वाजवत अर्धा किलोमीटर सोबत धाव घेतली, ती सगळी चपला हातात घेऊन.

सूर्य सहाच्या आत-बाहेर बुडाला. चतुर्थीची कोर पश्चिमेला, तिचा उजेड नावापुरता. बासष्टाव्या किलोमीटरला साडेसहा वाजून गेले होते. टेबल होतं, दिवा होता, दोन स्वयंसेवक होते. पिंप उताणं पडलेलं. पाणी आणणारा टेम्पो वाटेत बंद पडला होता. विशीतला मुलगा, खाली मान घालून म्हणाला, "ताई, एक तास झाला फोन करतोय." मग स्वतःची बाटली काढून निम्मी माझ्या पेल्यात ओतली. त्याला मी एका शब्दानं बोलले नाही. तोही सकाळपासून तिथंच उभा होता. माझ्याकडं जेमतेम दोनशे मिली उरलं होतं आणि पुढचं पाणी अकरा किलोमीटरवर.

माहेरची गोष्ट आठवली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आई तेव्हा भांडी घासलेलं पाणी झाडाला घालायची आणि झाडाला म्हणायची, एवढ्यावर भागव. मी लहानपणी घागर घेऊन आडावर जायचे तेव्हा एका खेपेत किती सांडलं हे आजी पायरीवर बसून पाहायची. तहान मला नवीन नाही. पण साठ किलोमीटर पळून झाल्यावरची तहान निराळी. जीभ टाळूला चिकटते आणि डोकं एकाच शब्दाभोवती फिरतं.

चार किलोमीटर चालत-पळत गेले. मग डाव्या हाताला गव्हाच्या रानात एक बॅटरी हलताना दिसली. या आठवड्यात तिकडं शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणून नवरा-बायको दोघं अंधारात गव्हाला पाणी देत होते. थ्री-फेज रात्री आली की शेतकरी रात्री जागतो, मग थंडी असो की साप-बिबट्याची भीती. मोटारीचा आवाज येत होता. पाणी दांडातून वाहत होतं, मला त्याचा वास आला.

बाईनं बॅटरी माझ्या तोंडावर धरली. "कुठं पळू राहिली बाई, एवढ्या रात्रीची?" आमच्या परभणीकडं "पळायलीस" म्हणाले असते. या एका फरकानं मला आपण घरापासून किती लांब आलो ते कळलं.

"वेरूळला. पाणी मिळंल का?"

तिनं आणखी काही विचारलं नाही. कोपीपुढच्या माठातून तांब्या भरून आणला. मी तोंडाला लावला तशी म्हणाली, "थांब. नुसतं पाणी पिऊ नको." आत गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली. उन्हातान्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायची रीत आपल्याकडं जुनी आहे. वर्षभर मी ग्रॅम आणि मिलीग्रॅममध्ये जे शिकले ते तिच्या तळहातावर होतं. मी चिमूटभर मीठ मागितलं, तेही तिनं दिलं. दोन तांबे प्याले, बसून, सावकाश. दोन बाटल्या भरून घेतल्या. नवरा दांडाचं तोंड फावड्यानं बदलत होता, तिथूनच ओरडला, "तिला म्हणावं उजव्या अंगानं जा, फिती त्या लिंबाला बांधल्यात." शर्यतीची वाट दाखवणाऱ्या त्या फिती अंधारात मला दिसल्याच नव्हत्या, मी सरळ निघाले असते.

मागून येणाऱ्यांसाठी तिला सांगून ठेवलं, आणखी माणसं येतील. ती म्हणाली, "येऊ दे. मोटार चालूच आहे."

त्र्याहत्तराव्याला पाणी होतं, चहा होता. तिथल्या लोकांना बासष्टचं सांगितलं. त्यांनी दुसरी गाडी आधीच काढली होती. पुढचे सात किलोमीटर उताराचे. मांड्या प्रत्येक पावलाला नको म्हणत होत्या. बाभळीच्या सावल्या दोनदा मला बसलेल्या माणसांसारख्या दिसल्या. इतक्या तासांनी मेंदू असं दाखवतो हे माहीत होतं, तरी अंगावर काटा आला. मग खाली वेरूळचे दिवे.

दहा वाजून एकतीस मिनिटांनी पोचले. सतरा तास एकतीस मिनिटं. कमानीजवळ काठी टेकून वसमतचे काका उभे होते. गळ्यात पदक पडलं ते मी काढून त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांनी ते दोन मिनिटं ठेवलं आणि परत माझ्या गळ्यात घातलं.

रविवार

जिना उलट्या पावलांनी उतरले. लघवीचा रंग पाहिला, फिकट होता. तो चहासारखा काळपट दिसला तर फुटलेल्या स्नायूंचा कचरा मूत्रपिंडावर येतोय असं समजून थेट दवाखाना गाठायचा असतो. बाकी दिवस झोप, पिठलं-भाकरी, पुन्हा झोप. जालन्याचा मुलगा मोजे धुऊन परत द्यायला आला. तो सतरा तास अठ्ठावन्न मिनिटांत पोचला होता. त्यालाही गव्हाच्या रानात पाणी मिळालं होतं. "गूळ पण दिला," म्हणाला.

सोमवार

परतीची तपोवन दुपारची. सकाळी भाच्याला घेऊन जीपनं निघाले. दिवसा ते रान ओळखू येईना. शेवटी लिंबाला बांधलेली फीत दिसली.

बाई कापूस वेचत होती. खुलताबादहून घेतलेला खाजा तिच्या हातात दिला. तिनं आधी पदराला हात पुसले. शनिवारी तिच्याकडं एकूण अकरा जण पाणी प्याले होते, तिनं मोजले होते. मीही माझं मोजलं होतं. दिवसभरात अकरा लिटर गेलं होतं, त्यातलं साडेतीन तिच्या माठाचं. विहीर दाखवायला नेलं. खाली दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढं, पाणी. "मार्चपर्यंत पुरतं," ती म्हणाली, "मग खालच्या गावातून आणायचं." किती लांब, मी विचारलं. "दोन कोस. रोजच्या दोन खेपा."

मी काही बोलले नाही. भाचा विहिरीत वाकून बघत राहिला.

निघताना तिनं नवऱ्याला हाक मारली. त्यानं वाफ्यातून अद्रकाचा एक गड्डा उपटला, माती झटकली आणि पानासकट माझ्या पिशवीत घातला. परभणी येईपर्यंत डब्यात त्याचा वास येत होता.